नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची टोचणी: कारण न सापडणाऱ्या वारंवार गर्भपातावरील एका उपचाराचे प्रकरण

एप्रिल १९८५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधील जेम्स मोब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्यांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडत होते आणि ज्यांच्या तपासण्यांत त्याचे कारण सापडत नव्हते, अशा स्त्रियांवर त्यांनी एक चाचणी केली होती. काही जणींना त्यांच्या नवऱ्याच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पांढऱ्या पेशी टोचण्यात आल्या, तर काही जणींना त्यांच्या स्वतःच्याच रक्तातील पेशी परत टोचण्यात आल्या. कोणाला काय मिळाले, हे त्या स्त्रियांना ठाऊक नव्हते आणि त्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. नवऱ्याच्या पेशी मिळालेल्या २२ जणींपैकी १७ जणींचे, म्हणजे ७७ टक्के स्त्रियांचे, गर्भ टिकले. स्वतःच्या पेशी मिळालेल्या २७ जणींपैकी मात्र १० जणींचे, म्हणजे ३७ टक्केच, टिकले. लागोपाठ तीन-तीन, चार-चार वेळा गर्भ गमावलेल्या जोडप्यांसाठी ही बातमी केवढी मोठी होती, ते वेगळे सांगायला नको. पुढच्या काही वर्षांत हा उपचार जगभर पसरला.

चौदा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच साप्ताहिकात शिकागो विद्यापीठातील कॅरोल ओबर आणि अमेरिका व कॅनडातील त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि ते नेमके उलटे होते. नवऱ्याच्या पेशी टोचलेल्या स्त्रियांची स्थिती नुसते सलाईन टोचलेल्या स्त्रियांपेक्षा बरी नव्हती. ज्यांना दिवस गेले त्यांच्यात तर ती अधिक वाईट दिसत होती. या दोन निबंधांच्या मधल्या काळात काय झाले, मूळ कल्पना कुठे चुकली आणि गर्भाशयातील रोगप्रतिकारक पेशींचे खरे काम आज कसे समजले जाते, हे येथे मांडायचे आहे. हा उपचार इतिहासजमा झालेला नाही, म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत काही वंध्यत्व-उपचार केंद्रे तो आजही देतात, आणि तिसऱ्या गर्भपातानंतर हातात फाईल घेऊन बसलेल्या जोडप्याला तो अगदी शास्त्रशुद्ध भाषेत सुचवला जातो.

कल्पना कुठून आली

ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये एक प्रश्न विचारला होता. गर्भात निम्मे गुणधर्म वडिलांकडून आलेले असतात, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने तो निम्मा परका असतो. दुसऱ्या माणसाची त्वचा किंवा मूत्रपिंड बसवले, तर शरीर ते काही दिवसांत नाकारते. मग नऊ महिने हा परका जीव पोटात कसा टिकतो? मेडावार यांनी तीन शक्यता सुचवल्या. गर्भ आईच्या ऊतींपासून भौतिकदृष्ट्या वेगळा राहत असेल, गर्भाच्या पेशींवरील ओळखखुणा अजून अपक्व असतील, किंवा आईची प्रतिकारयंत्रणा गरोदरपणात मंदावत असेल. प्रतिरोपणाच्या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यामुळे गर्भाकडे ‘नाकारला न गेलेला परका अवयव’ म्हणून पाहण्याची ही दृष्टी प्रसूतिशास्त्रात खोलवर रुजली.

त्यानंतरचा धागा मूत्रपिंड-प्रतिरोपणाचा आहे. १९७३ मध्ये गेर्हार्ड ओपेल्ट्झ आणि पॉल तेरासाकी यांनी दाखवले की, प्रतिरोपणाआधी ज्यांना दुसऱ्याचे रक्त चढवलेले असते, त्यांचे नवे मूत्रपिंड अधिक काळ टिकते. परक्या पेशींची आधीच ओळख झाली, तर शरीर पुढे सहनशील होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. मग गर्भाच्या बाबतीतही तसेच होत असेल, हा तर्क ओघानेच आला. निरोगी गरोदरपणात आई ही वडिलांच्या एचएलए खुणांविरुद्ध (एचएलए म्हणजे पेशींवरच्या, आपले-परके ओळखायला लावणाऱ्या खुणा) काही ‘रोखणारी प्रतिपिंडे’ तयार करते, ती गर्भावर एक पांघरूण घालतात आणि मारक पेशींना रोखतात, अशी मांडणी झाली. नवरा-बायकोच्या एचएलए खुणा फार सारख्या असतील, तर आईला गर्भाचे परकेपण जाणवतच नाही, प्रतिपिंडे बनत नाहीत आणि गर्भ उघडा पडतो, असे त्यापुढचे पाऊल होते. त्यावरचा उपाय उघड होता: नवऱ्याच्या पेशी मुद्दाम टोचून ही ओळख करून द्यायची.

या तर्काला आतून एक सुसंगती होती, हे मान्य केले पाहिजे. ज्यांनी तो मांडला ते चांगले प्रतिकारशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात नेमक्या कोणत्या पेशी असतात याची माहिती फारच तुटपुंजी होती. दोष तर्क मांडण्यात नव्हता. एका छोट्या चाचणीच्या बळावर तो हजारो स्त्रियांच्या शरीरावर लागू करण्यात होता.

टोचणी प्रत्यक्षात कशी होते

नवऱ्याच्या एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांसारख्या संसर्गांच्या तपासण्या झाल्यावर त्याच्या दंडातून रक्त काढतात. ते एका ठरावीक घनतेच्या द्रवावर हळूच ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की लाल पेशी तळाशी जातात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो, आणि मध्ये ढगाळ पांढरा एक पातळ थर दिसतो. लिम्फोसाइट, म्हणजे परके ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या सोबतच्या पेशी त्या थरात असतात. तो थर पिपेटने अलगद उचलून सलाईनमध्ये दोन-तीनदा धुतात आणि थोड्या द्रवात मिसळून बायकोच्या हाताच्या आतल्या बाजूला त्वचेत बारीक सुईने टोचतात. सुई इतकी वरवर जाते की त्या जागी वाटाण्याएवढे फुगार उठते. मोब्रे यांच्या काळात पेशी शिरेतूनही दिल्या जात. पुढचे दोन-चार दिवस जागा लाल होते, खाज सुटते, कधी कडक गाठ येते. काही आठवड्यांनी हीच क्रिया पुन्हा होते, आणि दिवस गेल्यावर बहुधा आणखी एकदा.

हाताच्या त्वचेवर दिसणारी ही प्रतिक्रिया खरी असते. परक्या पेशी टोचल्यावर शरीर जागे होते, प्रतिपिंडे बनतात आणि रक्ततपासणीत ती मोजताही येतात. ‘आधी प्रतिपिंडे नव्हती, आता आली’ असा रिपोर्ट हातात आला की उपचार लागू पडल्याची भावना होणे स्वाभाविक आहे. पण प्रतिपिंडे बनली एवढ्यावरून गर्भ टिकण्याशी त्यांचा संबंध सिद्ध होत नाही. मुळात ही प्रतिपिंडे निरोगी गरोदरपणातही सर्व स्त्रियांत आढळत नाहीत. ज्यांच्यात आढळतात त्यांच्यातही ती बहुधा पहिले तीन महिने उलटल्यावर दिसू लागतात, म्हणजे बहुतेक गर्भपातांची वेळ निघून गेल्यावर.

आकडे पुन्हा वाचताना

१९८५ च्या निबंधात सर्वांची नजर ७७ टक्क्यांवर गेली. पण खरा विचार ३७ टक्क्यांचा व्हायला हवा होता. कारण न सापडलेले तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रियांना कोणताही विशेष उपचार दिला नाही, तर पुढच्या खेपेला किती जणींचे मूल जन्माला येते? याचे सर्वांत भरवशाचे उत्तर खूप नंतर मिळाले. प्रोजेस्टेरॉन या गर्भधारणेला आधार देणाऱ्या संप्रेरकाचा उपयोग तपासण्यासाठी ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये ८३६ स्त्रियांवर झालेल्या ‘प्रॉमिस’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. प्रोजेस्टेरॉन मिळालेल्यांपैकी ६५.८ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, आणि औषध नसलेली गोळी मिळालेल्यांपैकी ६३.३ टक्के स्त्रियांना. म्हणजे नुसत्या काळजीपूर्वक देखरेखीखाली सुमारे ६० ते ६५ टक्के स्त्रियांचे गर्भ टिकतात. मोब्रे यांच्या तुलनेच्या गटात २७ पैकी १० ऐवजी १६ जणींचे गर्भ टिकले असते, तर २२ पैकी १७ हा आकडा नशिबाच्या मर्यादेत मोडला असता. एवढ्या छोट्या गटांत सहा स्त्रियांचा फरक केवळ योगायोगाने पडू शकतो. उपचाराचे यश फार मोठे दिसले, याचे एक कारण तुलनेच्या गटाचे अपयश नेहमीपेक्षा मोठे होते, हे होय.

त्यानंतरच्या दहा वर्षांत अनेक देशांत छोट्या चाचण्या झाल्या. काही अनुकूल, काही प्रतिकूल. १९९४ मध्ये अनेक केंद्रांनी आपापली माहिती एकत्र करून विश्लेषण केले, तेव्हा फायदा आठ ते दहा टक्क्यांपर्यंत खाली आला. चाळीस टक्क्यांचा फरक दहावर आला, तेव्हाच थांबून मोठी चाचणी करण्याची गरज सर्वांना दिसायला हवी होती. अशी मोठी चाचणी म्हणजे ओबर यांची.

कॅरोल ओबर या या कल्पनेच्या विरोधक नव्हत्या, हे येथे मुद्दाम सांगतो. अमेरिकेतील साउथ डकोटामधील हटराइट या बंदिस्त धार्मिक समाजात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. त्या समाजात मोजक्याच पूर्वजांचा वंश पुढे चालत आल्यामुळे नवरा-बायकोच्या एचएलए खुणा जुळण्याचे प्रमाण जास्त असते, आणि अशा जोडप्यांत गर्भ जाण्याचे प्रमाणही अधिक असल्याचे त्यांनी स्वतः दाखवले होते. म्हणजे एचएलए आणि गर्भपात यांचा काही संबंध असावा, हे त्यांच्याच आकड्यांतून पुढे आले होते. तरीही त्यांनी उपचाराची कठोर परीक्षा घेतली आणि आलेले उत्तर जसेच्या तसे छापले. या प्रकरणात मला सर्वांत आदर वाटतो तो या गोष्टीचा.

त्यांच्या चाचणीत तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या १८३ स्त्रिया होत्या. ९१ जणींना नवऱ्याच्या पेशी आणि ९२ जणींना सलाईन टोचले. यश म्हणजे काय, ते आधीच ठरलेले होते: एका वर्षात दिवस जाणे आणि गर्भ २८ आठवड्यांपर्यंत पोहोचणे. ज्यांच्या बाबतीत पुढे काय झाले ते कळले अशा स्त्रियांत पेशी मिळालेल्या ८६ पैकी ३१ जणी, म्हणजे ३६ टक्के, यशस्वी झाल्या; सलाईन मिळालेल्या ८५ पैकी ४१ जणी, म्हणजे ४८ टक्के. या हिशोबात दिवस न गेलेल्याही धरलेल्या आहेत, आणि हा फरक योगायोगाचा असू शकतो. ज्यांना दिवस गेले तेवढ्याच स्त्रिया पाहिल्या, तर पेशींच्या गटात ६८ पैकी ३१, म्हणजे ४६ टक्के, आणि सलाईनच्या गटात ६३ पैकी ४१, म्हणजे ६५ टक्के गर्भ टिकले; हा फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरतो. उपचार घातकच आहे, असे एका चाचणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण तो उपकारक असल्याचा दावा यानंतर उभा राहत नाही. सलाईनच्या गटातील ६५ टक्के हा आकडा सोळा वर्षांनंतरच्या ‘प्रॉमिस’ चाचणीतील ६३ टक्क्यांच्या किती जवळ आहे, तेही पाहण्याजोगे आहे.

३० जानेवारी २००२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पत्र काढून सांगितले की, हा उपचार यापुढे केवळ परवानगी घेतलेल्या संशोधनाचा भाग म्हणूनच देता येईल. कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात नवऱ्याच्या पेशींच्या १२ चाचण्यांतील ६४१ स्त्रियांची माहिती एकत्र केली असता अर्थपूर्ण फायदा आढळला नाही. युरोपमधील मानवी प्रजननशास्त्राच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे तर हा उपचार वापरू नये, असे स्पष्ट शब्दांत सांगतात. अलीकडे काही एकत्रित विश्लेषणांत पुन्हा फायदा दिसल्याचे दावे झाले आहेत आणि भारतातील केंद्रांच्या माहितीपत्रकांत त्यांचाच आधार घेतला जातो. पण त्यांत अनेक छोट्या आणि सैल रचनेच्या चाचण्या मिसळलेल्या आहेत. सैल रचनेच्या दहा चाचण्या एकत्र केल्याने एक भक्कम चाचणी तयार होत नाही.

अस्तरातील पेशी खरोखर काय करतात

उपचार का चालला नाही, याचे उत्तर त्याच सुमारास दुसऱ्या दिशेने येत होते. केंब्रिजमधील ॲशली मॉफेट आणि इतर संशोधक गर्भाशयाच्या अस्तरातील पेशी थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. गर्भ रुजतो तेव्हा आईच्या ऊतींशी प्रत्यक्ष संबंध बाळाचा येत नाही. तो येतो वारेच्या बाहेरील ट्रोफोब्लास्ट पेशींचा. मूत्रपिंड नाकारले जाते ते प्रामुख्याने एचएलए-ए, बी आणि डीआर या खुणांमुळे, आणि या खुणा अस्तरात शिरणाऱ्या ट्रोफोब्लास्ट पेशींवर नसतातच. त्यांच्यावर एचएलए-सी, ई आणि जी या वेगळ्या खुणा असतात. आईच्या रक्तात बुडालेल्या वारेच्या बाहेरच्या आवरणावर तर कोणतीच एचएलए खूण नसते. नवऱ्याच्या लिम्फोसाइटवर मात्र ए, बी आणि डीआर भरपूर असतात. म्हणजे टोचणीने आईच्या शरीराची जी ‘ओळख’ करून दिली जात होती, ती बहुतांशी अशा खुणांची होती ज्या गर्भाच्या बाजूने तिच्यासमोर कधी येतच नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली अस्तर जाड होऊ लागते, तेव्हा त्यात नॅचरल किलर, म्हणजे एनके, जातीच्या पेशी झपाट्याने वाढतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात, आणि ज्या जागी वार रुजते तिथे त्यांची सर्वांत दाटी असते. गरोदरपण अर्धे सरता सरता त्या कमी होत जातात. त्यांच्या पोटात रक्तातील एनके पेशींसारखेच मारक द्रव्यांचे कण असतात, पण मारण्याची त्यांची क्षमता फार क्षीण असते. त्या रक्तवाहिन्या वाढवणारी आणि ट्रोफोब्लास्टला मार्ग दाखवणारी द्रव्ये स्रवतात.

हे काम नेमके कुठे घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. गर्भाशयाच्या स्नायूतून अस्तराकडे येणाऱ्या धमन्या मळसूत्रासारख्या वळलेल्या, अरुंद आणि स्नायूंच्या जाड भिंतीच्या असतात. वारेला मिळणारे रक्त संथ आणि भरपूर हवे, म्हणून त्या रुंद कराव्या लागतात. आधी एनके पेशी धमनीभोवती जमतात आणि तिच्या भिंतीतील स्नायूपेशी सैल पडून विस्कळीत होऊ लागतात. मग ट्रोफोब्लास्ट अस्तरातून आत सरकत धमनीपर्यंत पोहोचतात, काही तिच्या पोकळीत उतरतात आणि भिंतीच्या जागी स्वतःचे अस्तर मांडतात. अरुंद नळाचे तोंड कापून त्याचा रुंद पाट करावा, तसा हा बदल असतो. रक्त वेगाने उडण्याऐवजी संथपणे पसरते. सुरुवातीचे दहा-बारा आठवडे याच ट्रोफोब्लास्ट पेशींच्या गुठळ्या धमनीचे तोंड बरेचसे बंद ठेवतात, त्यामुळे कोवळ्या गर्भावर प्राणवायूचा आणि रक्तदाबाचा मारा होत नाही.

एनके पेशी आणि ट्रोफोब्लास्ट यांच्यातील संवादही आता बराच उलगडला आहे. एनके पेशींवर किर नावाचे ग्राहक असतात. काही पेशीला थांबवतात, काही तिला चालना देतात. ते ट्रोफोब्लास्टवरील एचएलए-सी खूण वाचतात. २००४ मध्ये मॉफेट यांच्या गटाने दाखवले की, आईचे किर ग्राहक प्रामुख्याने थांबवणाऱ्या प्रकारचे असतील आणि गर्भाकडे एचएलए-सी२ ही खूण असेल, तर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचा, धोका जास्त असतो. २००८ मध्ये वारंवार गर्भपातातही त्याच धर्तीचा संबंध त्यांना आढळला. याचा अर्थ उपचाराच्या दृष्टीने फार मोठा आहे. या पेशी जास्त चिडल्यामुळे धोका वाढतो असे दिसले नाही. त्या पुरेशा जाग्या न झाल्यामुळे धमन्या नीट उघडत नाहीत, असे दिसले. ज्या पेशींना शांत करण्यासाठी औषधे दिली जातात, त्यांना कदाचित उत्तेजनाचीच गरज असते.

२०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका कामात पहिल्या तिमाहीतील सुमारे ७० हजार पेशींतील जनुकांची हालचाल एकेका पेशीच्या पातळीवर वाचली गेली, तेव्हा अस्तरातील एनके पेशींचे तीन वेगळे प्रकार दिसले. त्याआधी वर्षभर ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक काम दाखवले होते: प्रत्येक पाळीच्या चक्रात अस्तरातील ज्या पेशी म्हाताऱ्या होतात, त्यांना एनके पेशी निवडून साफ करतात. ही सफाई नीट झाली नाही, तर अस्तर गर्भ रुजवून घ्यायला कमी लायक राहते, अशी त्यांची मांडणी आहे. ती मला महत्त्वाची वाटते, कारण ती गर्भपाताचे मूळ दिवस जाण्याच्याही आधी, पाळीच्या चक्रातच शोधते.

एनके पेशींइतक्याच महत्त्वाच्या नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, आहेत. २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले की, या पेशी काढून घेतल्या तर वेगळ्या वंशाच्या नरापासून राहिलेले गर्भ जातात, पण स्वतःच्याच वंशाच्या नरापासून राहिलेले टिकतात. मेडावार यांनी ज्या सहनशीलतेचा शोध मांडला होता, तिचे एक खरे ठिकाण येथे सापडते. गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या अस्तरात या पेशी कमी असल्याचेही आढळले आहे. मात्र गर्भ गेल्यानंतर घेतलेल्या ऊतीत एखादी पेशी कमी दिसली, तर ती कमी असल्यामुळे गर्भ गेला की गर्भ गेल्यामुळे ती कमी झाली, हे त्या ऊतीवरून ठरत नाही. माणसांवरील या क्षेत्रातील पुष्कळ अभ्यास याच अडचणीत अडकले आहेत.

रक्तातील टक्केवारीचा रिपोर्ट

आज अनेक जोडप्यांच्या फाईलमध्ये ‘एनके पेशी’ असा एक रक्ताचा रिपोर्ट असतो आणि त्यापुढे टक्केवारीवर लाल खूण असते. या तपासणीवर मॉफेट, लेस्ली रेगन आणि पीटर ब्राउड यांनी २००४ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कठोर आक्षेप घेतला होता आणि तो आजही लागू आहे. रक्तातील सुमारे ९० टक्के एनके पेशी वेगळ्या प्रकारच्या, मारक क्षमतेच्या असतात. अस्तरातील पेशींचे रूप आणि काम दोन्ही निराळे असते. दंडातून काढलेल्या रक्तावरून अस्तरात काय चालले आहे ते कळत नाही. शिवाय ही टक्केवारी दिवसाच्या वेळेनुसार, व्यायामाने, मानसिक ताणाने, अगदी सुई टोचण्याच्या भीतीनेही बदलते, आणि ‘जास्त’ कशाला म्हणायचे याची रेषा प्रयोगशाळेगणिक वेगळी असते. तीन गर्भ गमावून, उपाशीपोटी, धडधडत्या छातीने रक्त द्यायला आलेल्या स्त्रीच्या रिपोर्टवर लाल खूण उमटली, तर तिने स्वतःच्या शरीरावर ‘माझ्याच पेशी माझे बाळ मारतात’ असा आरोप ठेवावा, हे मला फार क्लेशदायक वाटते. तो आरोप विज्ञानाच्या आधाराने टिकत नाही.

या रिपोर्टच्या आधारे सोयाबीन तेलाचे पांढरे सलाईन, म्हणजे इंट्रालिपिड, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. इंट्रालिपिड हे मुळात तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णांना शिरेतून पोषण देण्यासाठी बनवलेले द्रव्य आहे. गर्भ टिकवण्यासाठी त्याचा उपयोग होतो, हे कोणत्याही भक्कम चाचणीने दाखवलेले नाही. स्टेरॉइडची एक प्रामाणिक चाचणी ब्रिटनमध्ये सिओभन क्वेन्बी यांच्या गटाने केली. त्यांनी रक्ताऐवजी अस्तराचा तुकडा तपासला, त्यात एनके पेशी जास्त असलेल्या ४० स्त्रिया निवडल्या आणि अर्ध्यांना प्रेडनिसोलोन दिले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: औषधाच्या गटात २० पैकी १२, दुसऱ्या गटात २० पैकी ८ जणींना मूल झाले. हा फरक योगायोगाचा असू शकतो, असे त्यांनी स्वतःच लिहिले आणि ही केवळ पूर्वतयारीची चाचणी असल्याचे सांगितले. १९८५ च्या तुलनेत विज्ञानाची शिस्त किती बदलली, ते या एका गोष्टीत दिसते.

इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढून शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचे, चित्र थोडे वेगळे आहे. जपानमध्ये चार किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रियांना गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला, लागोपाठ पाच दिवस मोठ्या मात्रेत ते देऊन झालेल्या चाचणीत ५८ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर औषध नसलेल्या गटात सुमारे ३५ टक्के. २०२२ मध्ये आलेल्या या निष्कर्षानंतर युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी तेवढ्याच गटासाठी, त्याच पद्धतीने, उपयोग होऊ शकेल असे म्हटले आहे. प्रत्येक गटात सुमारे पन्नास स्त्रिया होत्या, आणि तुलनेच्या गटाचा आकडा पुन्हा ३५ टक्के आहे, १९८५ च्या ३७ टक्क्यांची आठवण करून देणारा. चार किंवा अधिक गर्भपातांनंतर यशाचे प्रमाण खरोखरच कमी होते, त्यामुळे हा आकडा अगदी अविश्वसनीय म्हणता येत नाही. पण दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी हीच चाचणी पुन्हा होईपर्यंत दोन किंवा तीन गर्भपात झालेल्या स्त्रीला लाखो रुपयांचे हे औषध सुचवण्याला आधार नाही.

जे आधी पाहायला हवे

‘कारण सापडत नाही’ या निदानाला येण्याआधी एक तपासणी आपल्याकडे बहुतेक वेळा राहून जाते. सर्व गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते, आणि हे प्रमाण आईच्या वयाबरोबर वाढते. क्युरेटिंग झाल्यावर काढलेली ऊती बहुतेक वेळा टाकून दिली जाते किंवा फॉर्मलिनमध्ये टाकून साध्या तपासणीला पाठवली जाते. ब्रिटनच्या प्रसूतिशास्त्र महाविद्यालयाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे तिसऱ्या आणि त्यापुढच्या गर्भपाताच्या ऊतीची गुणसूत्र-तपासणी करायला सांगतात. त्यात चूक आढळली, तर तो गर्भ कोणत्याही पेशीने नाकारला म्हणून गेला नाही, हे त्या जोडप्याला कळते, आणि पुढच्या खेपेला पेशी शांत करणाऱ्या औषधांचा प्रश्नच उरत नाही. यासाठी आधीच प्रयोगशाळेला सांगून ऊती फॉर्मलिनऐवजी निर्जंतुक सलाईनमध्ये किंवा त्यांनी दिलेल्या माध्यमात पाठवावी लागते. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे ही प्रतिकारयंत्रणेशी संबंधित असूनही सिद्ध झालेली आणि ॲस्पिरिन व हेपॅरिनने उपचार होणारी स्थिती आहे. ती बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासलेली असणे आवश्यक आहे.

ज्या स्त्रियांनी नवऱ्याच्या पेशींची टोचणी आधीच घेतली आहे, त्यांच्यासाठीही काही माहिती उपयोगी आहे. धुतलेल्या पेशींतही थोड्या लाल पेशी राहतात, म्हणून आरएच निगेटिव्ह स्त्रीला आरएच पॉझिटिव्ह नवऱ्याच्या पेशी दिल्या असतील, तर पुढच्या गरोदरपणात इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी (आईच्या रक्तात लाल पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का ते पाहणारी) सुरुवातीलाच करून घ्यावी आणि डॉक्टरांना या टोचणीबद्दल सांगावे. एचएलए विरुद्धची प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकू शकतात. कधी प्लेटलेट चढवण्याची वेळ आली, किंवा पुढे कधी मूत्रपिंड-प्रतिरोपणाचा प्रश्न आला, विशेषतः दाता नवरा किंवा मुले असतील, तर ही टोचणी किती वेळा आणि कधी झाली हे कागदावर लिहिलेले असणे आवश्यक ठरते. उपचार करणाऱ्या केंद्राकडून तारखा, प्रत्येक वेळी दिलेल्या पेशींचे प्रमाण आणि नवऱ्याचा रक्तगट यांची नोंद मागून घ्यावी आणि ती स्वतःच्या फाईलमध्ये ठेवावी.